बाबा व्यायाम करतात

मुलांच्या मनावर उपचार करायला पुण्याहून तीन बायका आणि एक कॅमेरावाला आमच्या गावात आले, तेव्हा गावाला पिण्याचं पाणी सहाव्या दिवशी मिळत होतं. तेही टँकरनं. पाहुण्यांच्या गाडीतून मात्र बाटलीबंद पाण्याचे दोन खोके उतरले. मुलं त्या खोक्यांकडेच टक लावून बसली. त्या तिघींमधल्या मुख्य बाईंनी लगेच वहीत लिहिलं, 'मुलं नजरेला नजर देत नाहीत.' मी शेजारीच उभी होते, म्हणून मला ते वाचता आलं.

शिरूर कासारपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या त्या गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. मी बीड शहरात वाढलेली. नोकरी लागली तेव्हा हे गाव नकाशात शोधावं लागलं होतं. दिवाळी झाली की अर्धं गाव बैलांच्या टायरगाड्यांत भांडीकुंडी भरून ऊस तोडायला निघून जायचं. मागं राहायची म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली पोरं. या पोरांची शाळा बुडू नये म्हणून सरकारनं हंगामी वसतिगृह काढलं होतं. नाव भारदस्त, प्रत्यक्षात शाळेच्या दोन खोल्या, चार सतरंज्या आणि खिचडीचं एक पातेलं. मुलं दोन वेळा तिथं जेवायची, संध्याकाळी अभ्यासाला बसायची आणि झोपायला आजीकडे जायची. या वसतिगृहाची प्रमुख मी. प्रमुख म्हणजे रजिस्टर माझ्या ताब्यात.

त्या वर्षी दुष्काळ असा होता, की ऊसही थोडाच उभा होता. तोडायला ऊस कमी आणि टोळ्या जास्त, त्यामुळे टोळीचा मुकादम म्हणेल ती पूर्वदिशा. तोंड वर करून बोलणाऱ्याला तो सरळ गावी परत पाठवायचा, आणि गावात तर पाणीसुद्धा नव्हतं.

आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन हे मोठं प्रस्थ. कारखाना त्यांचा, दूध संघ त्यांचा, गावातली सोसायटी त्यांची आणि दुष्काळात उघडलेली जनावरांची छावणीही त्यांचीच. सहकार म्हणजे सगळ्यांनी मिळून एका माणसाला हार घालायचा, असा आमच्याकडे त्या शब्दाचा अर्थ झाला होता. दुष्काळातल्या मुलांच्या मनाला आधार द्यायला हवा, असं चेअरमनना कुणीतरी सांगितलं. पोटाचं आणि पाण्याचं काम अवघड होतं. मनाचं त्यामानानं सोपं, तीन दिवसांत उरकणारं. त्यांनी पुण्याची संस्था बोलावली. सोसायटीच्या गोदामावर बोर्ड लागला: 'मनाची मशागत: चित्र आणि खेळातून उपचार'. आत खताच्या रिकाम्या पोत्यांचा वास तसाच होता.

पहिल्या दिवशी मुख्य बाईंनी मुलांना गोल उभं केलं.

"आता आपण सगळे झाडं होऊया हं. छान वारा येतोय. आपण डोलतोय."

मुलं आणि आमचे हेडमास्तर हात वर करून उभे राहिले. एका पोरानं विचारलं, "वाळल्यालं झाड झालं तर चालंल का, बाई? डोलाय लागत न्हाई त्याला."

मुख्य बाईंचा चेहरा करुण झाला. त्यांनी कॅमेरावाल्याला खूण केली. पोरगं फक्त आळशी होतं, हे मी सांगणार होते. पण ती करुणा इतकी नीट इस्त्री केलेली होती, की मध्ये बोलवेना.

दुसऱ्या दिवशी 'माझं घर' काढायला सांगितलं. चाळीसएक मुलांपैकी नऊ जणांनी दार नसलेली घरं काढली. मुख्य बाईंनी ते नऊ कागद बाजूला ठेवले आणि आम्हा शिक्षकांना हळू आवाजात समजावून सांगितलं, की ही मुलं आतून बंद झालेली आहेत, यांनी जगाला दार लावून घेतलंय. हेडमास्तर गंभीरपणे मान हलवत होते. ते कशालाही मान हलवायचे.

चौथीतली एक मुलगी हे ऐकत होती. हंगामाचे पहिले दोन-अडीच महिने आईवडिलांबरोबर कारखान्यावर काढून ती नुकतीच आजीकडे परतली होती. नऊ-दहा वर्षांची, किडकिडीत, गणितात सगळ्यांच्या पुढं आणि तोंडाची फटकळ. तिचाही कागद त्या नवांत होता. ती म्हणाली, "आवो, ती कोपी हाय. कारखान्यावर आमी ऱ्हातो ती. कोपीला दार कावून लागंल? आत चोराय काय आसतंय?"

मुलं हसली. ऊसतोड करणारे कारखान्याजवळच्या अड्ड्यावर, म्हणजे टोळ्यांच्या तळावर, ज्या पालाच्या झोपडीत राहतात, तिला कोपी म्हणतात. तिला दार नसतं, फक्त एक पडदा असतो. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. मुख्य बाई म्हणाल्या, "वा! किती छान एक्स्प्रेस केलंस!" आणि ते नऊ कागद 'बंद' लिहिलेल्या पाकिटातच राहिले.

इथपर्यंत मी मनातल्या मनात मजा बघत होते. मी त्यांच्यापेक्षा शहाणी आहे, या पोरांना ओळखते, असा माझा समज होता. तिसऱ्या दिवशी तो समज मी स्वतःच मातीत घातला.

त्या दिवशी 'मनातलं चित्र' काढायचं होतं. जे कुणाला सांगितलं नाही, ते कागदावर. मुख्य बाईंची भाषा मुलांना कळेना, म्हणून त्यांनी मला पुढं केलं. मी मुलांच्या बोलीत सांगितलं, "तुमच्या मनात काय हाय ते काढा. भ्यायचं न्हाई. ही चित्रं कुनालाबी दाखवायची न्हाईत. माझा शब्द." माझा शब्द! इतक्या सहज दिला, की त्याचं वजन काय असतं याची मला कल्पनाच नसावी.

ती फटकळ मुलगी त्या दिवशी एकदम गप्प होऊन काढत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसले. कागदावर कोपी होती, लाल मोटारसायकल होती, मोटारसायकलीवर काळा चष्मा लावलेला माणूस होता. समोर एक माणूस वाकलेला. पायांच्या मधून हात घालून त्यानं स्वतःचे कान धरले होते. बाजूला बैल आणि बादली.

"हे कोण?" मी विचारलं.

ती माझ्या कानाशी आली. "आबा हायती. मुकादमानं कोंबडा केलता त्यास्नी. टँकरचं पानी बैलाला पाजलं म्हनून. समद्या अड्ड्याम्होरं. मी बैलास्नी खायला वाढे आनाय गेलते, आबास्नी वाटलं मी लांब हाय. पन मी गाडीमागं व्हते."

तिचे वडील मला माहीत होते. चाळिशीचा, उंच, कमी बोलणारा माणूस. पालक सभेला यायचा, शेवटच्या रांगेत बसायचा आणि मुलीचा पाढा ऐकून निघून जायचा. त्या अवस्थेत तो माझ्या डोळ्यांपुढं येईना.

तेवढ्यात मुख्य बाई वाकल्या. "अरे वा, हे काय करतायत बाबा?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. उत्तर मी द्यावं, असं तिला वाटत होतं. तिनं जे बघितलं, ते माझ्या तोंडून खरं व्हायला हवं होतं, असं आता वाटतं. मुकादम चेअरमनचा खास माणूस. बीडजवळच्या शाळेत बदली व्हावी म्हणून मी अर्ज केला होता आणि चेअरमनच्या एका चिठ्ठीवर तो अडला होता. हे सगळं माझ्या डोक्यात किती वेळात आलं? पापणी लवायला लागतो, त्याहून कमी.

"व्यायाम," मी म्हणाले. "वडील व्यायाम करतायत."

"हाऊ स्वीट! योगा!" मुख्य बाई म्हणाल्या. त्यांनी कागदावर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे. आपण चुकून दुसऱ्याच्याच घरात शिरलो, हे लक्षात आल्यावर माणूस जसं बघतं, तसं. मग तिनं खडू जागेवर ठेवले आणि भिंतीला टेकून बसली. तिघींमधली सगळ्यात लहान, त्या दिवसांत फारसं न बोललेली बाई तेवढी माझ्याकडे येऊन म्हणाली, "ती एकदम गप्प का झाली?" मी म्हटलं, "भूक लागली असेल." खोटं बोलायला एकदा सुरुवात झाली की पुढचं अवघड जात नाही.

संध्याकाळी चित्रं 'अभ्यासासाठी' गोळा झाली. त्या गठ्ठ्याची नाडी मीच बांधली.

पंधराएक दिवसांनी चेअरमनचा वाढदिवस आला. तालुक्यातल्या शिक्षकांना कारखान्यावर हजर राहायचा तोंडी हुकूम होता. लेखी हुकूम अशा गोष्टींचे निघत नाहीत. एका जीपमध्ये आम्ही अकरा जण कोंबून गेलो. कारखान्याच्या गेटशी उसाच्या टायरगाड्यांची रांग लागलेली. बैल घाम गाळत उभे, गाड्यांवर माणसं बसलेली. आणि गेटवर दोन मजली घराएवढा फ्लेक्स. एका बाजूला हात जोडलेले चेअरमन. दुसऱ्या बाजूला मुलांची चार चित्रं, मोठी करून. त्यात कोपी होती, लाल मोटारसायकल होती, काळा चष्मा होता आणि कान धरून वाकलेला माणूस होता. खाली अक्षरं:

'माझे बाबा रोज व्यायाम करतात! दुष्काळातही निरोगी मन. मा. चेअरमन साहेबांच्या प्रेरणेतून.'

जीपमधले शिक्षक म्हणाले, छान आहे. मला उतरताना पायरी दिसली नाही.

गाड्यांवरच्या बऱ्याच माणसांना वाचता येत नसलं, तरी चित्र कळत होतं. अड्ड्यावर ज्यांच्यासमोर ते घडलं, तीच माणसं रांगेत होती. एकानं दुसऱ्याला कोपर मारलं. कुणीतरी खालची अक्षरं वाचून मोठ्यानं म्हणालं, "काय बे, यायाम करतुस व्हय रोज?" हशा पिकला. हसणाऱ्यांमधले निम्मे कधी ना कधी स्वतः कोंबडा झालेले असणार, म्हणूनच ते इतकं जोरात हसत होते. मुलीचा बाप त्यांच्या मागच्याच गाडीवर होता. त्याचे हात गुडघ्यांवर होते. त्यानं फ्लेक्सकडे बघितलं, पुढच्या बैलांकडे बघितलं, आणि रांग सरकली तशी गाडी पुढं घेतली.

मी मंडपात जाऊन बसले. भाषणं ऐकली. चेअरमन म्हणाले, बालमन हे कोवळं असतं. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. सगळे वाजवत होते.

वाढदिवसानंतर तिसऱ्या दिवशी मुलीचा बाप शाळेत आला. वर्गाच्या दारात उभा राहून मुलीला म्हणाला, "चल, दप्तर घी." मी बाहेर आले, तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोरीला नेतोय."

"परीक्षा आहे हो जवळ."

"आसंल."

दोघं फाट्याकडे चालत गेले. मी रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढं 'स्थलांतरित' असं लिहिलं. दुष्काळात मुलांच्या मनाला आधार द्यायचा कार्यक्रम झाला, आणि त्यातून एका मुलीची शाळा सुटली. कार्यक्रमाच्या अहवालात याचा रकाना नव्हता.

आठ दिवस मी काही केलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा आठवणी सांगताना माणसं मधले आठ दिवस गाळतात आणि आपण लगेच धावलो असं दाखवतात. मी धावले नाही. मी पेपर तपासले, डोक्याला तेल लावलं, बदलीच्या अर्जाची चौकशी केली. मग त्या गप्प बसणाऱ्या लहान बाईचा फोन आला. फ्लेक्सचा फोटो तिनं संस्थेच्या ऑफिसात बघितला होता.

"ते व्यायामाचं चित्र नाही ना?" तिनं विचारलं.

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"मला तेव्हाच वाटलं होतं. मी बोलायला हवं होतं." ती रडत होती. मला तिच्या रडण्याचाही राग आला. पुण्यात बसून रडायला पंखा आणि नळाचं पाणी असतं. पण रडून झाल्यावर तिनं तीन गोष्टी सांगितल्या, आणि त्या तीन दिवसांत गोदामात जे बोललं गेलं त्या सगळ्याहून त्या जास्त कामाच्या होत्या. मुलाला चित्राचा अर्थ विचारायचा नाही, ते आपणहून सांगेल तेवढंच ऐकायचं. चित्र मुलाचं असतं, ते भिंतीवर लावायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. आणि खेळात मुलांनी बोलावलं तरच जायचं, गेल्यावर ती सांगतील ते व्हायचं. "आणि माफी मागायची असेल तर आधी बापाची मागा," ती म्हणाली. पुढं तिनं ती संस्था सोडली, असं ऐकलं.

रविवारी मी एसटीनं कारखान्यावर गेले. अड्ड्यावर शंभरेक कोप्या, मळीचा वास, कुत्री. मुलगी कोपीपुढं लहान भावाला मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून आत गेली. तिची आई चुलीपाशी होती.

"बसा," ती म्हणाली. पाणी दिलं नाही. तिथं पाणी न देणं म्हणजे काय, हे मला बरोबर कळलं.

मी सांगितलं. व्यायाम हा शब्द माझा होता, पुण्याच्या बाईंचा नव्हता. चित्र कुणाला दाखवणार नाही हा शब्दही माझाच होता.

आईनं भाकरी उलटली. "खोटंच बोलायचं व्हतं तर गप बसायचं की, बाई. गप बसायला तुमाला कोन काय म्हननार व्हतं?"

वडील गाडीच्या जुवाला टेकून बसले होते. जुवाची दोरी त्यांनी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाले, "कोंबडा झालो त्येचं काय न्हाई. समदेच व्हत्यात. पन पोरीनं पाह्यलं, हे मला न्हवतं म्हाईत. त्या बोर्डावरनं कळलं मला." पुढं म्हणाले, "दोन म्हैने ती माज्यासंगं जेवली, बोलली. म्हाईत आसून काईच बोलली न्हाई."

मला वाटलं होतं, तो मला शिव्या देईल. त्यासाठी मी तयारी करून गेले होते. या बोलण्याला माझी काहीच तयारी नव्हती.

"तो बोर्ड उतरवा," तो म्हणाला. "मग बघू."

मी तडक कारखान्याच्या ऑफिसात गेले. हंगाम असल्यामुळे रविवारीही ऑफिस उघडं होतं. प्रसिद्धीचं काम बघणारा माणूस पान खात होता. फ्लेक्स उतरवायचा म्हटल्यावर त्याला वाटलं, मी विरोधी पार्टीची आहे. मग शिक्षिका आहे कळल्यावर तो समजुतीनं बोलायला लागला. "बाई, फ्लेक्स गौरव समितीनं लावलाय. उतरवायला समितीचा ठराव पायजे. तुमी अर्ज द्या." मी अर्ज लिहिला. विषय: गेटवरील फलकावरील चित्र काढण्याबाबत. पोच घेतली, शिक्का मारून. तो शिक्क्याचा कागद हातात घेऊन मी अड्ड्यावर परत आले, काहीतरी मिळवल्यासारखी.

"काय म्हनले?" आईनं विचारलं.

"आठ दिवसांत बघतो म्हणाले."

तिनं कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग कोपीच्या कुडात खोचलेला कोयता काढला. शेजारच्या कोपीतली बाई उठली. काही न बोलता तिच्या पलीकडची उठली. सहा-सात बायका भर दुपारी गेटकडे चालत निघाल्या, आणि मी त्यांच्या मागं, पोच घेऊन.

वॉचमननं एकदा "ए, ए," केलं आणि मग त्याला दुसरीकडे महत्त्वाचं काम आठवलं. एक बाई उभ्या ट्रकच्या टपावर चढली. पाच मिनिटंही लागली नाहीत. जन्मभर ऊस तोडलेल्या हातांना ते कापड म्हणजे काहीच नव्हतं. त्यांनी अख्खा फ्लेक्स उतरवला नाही, तेवढं चित्र चौकोनात कापून घेतलं. चेअरमन वर हात जोडून तसेच राहिले आणि त्यांच्या बगलेत एक मोठं भोक पडलं. त्या भोकातून कारखान्याची चिमणी दिसत होती.

बायका परतल्या तेव्हा मुकादम मोटारसायकलवरून आला. गाडी खरोखरच लाल होती. त्यानं पुरुषांना विचारलं, "काय चाललंय बे?" पुरुष बैलांची वैरण सारखी करायला लागले. आई कोयता मांडीवर ठेवून भाकरीचा तुकडा मोडत होती. म्हणाली, "वाऱ्यानं फाटला बोर्ड. पडला आसता कुनाच्या डोक्यात." मुकादमानं कोयत्याकडे बघितलं, बायका मोजल्या आणि गाडी वळवली. पुढच्या हंगामात तो दुसऱ्या टोळीवर गेला. तिथं तो माणसांना काय करायला लावत होता, मला माहीत नाही. सुधारला असेल, असं मानायला मला काही आधार सापडलेला नाही.

पुढच्या आठवड्यात वडील मुलीला परत घेऊन आले. अट एकच. "चित्र काढाय लावायचं न्हाई." मी मान्य केलं.

मुलगी वर्गात यायची, गणितं सोडवायची, पण माझ्याशी कामापुरतं बोलायची. वसतिगृहाच्या मागं एक कोरडा पडलेला बंधारा होता. संध्याकाळी मुलं तिथं खेळायची. त्या खेळाचं नाव टोळी-टोळी. चिपाडांची मोळी, दगडांची चूल, एक मुकादम. हेडमास्तरांनी हा खेळ बंद करायला सांगितलं होतं, कारण शिबिरात मुख्य बाई म्हणाल्या होत्या, की मुलांना सकारात्मक खेळ द्या. त्याऐवजी एक चेंडू दिला होता. तो दुसऱ्या दिवशी फुटला. मी खेळ बंद केला नाही. बांधावर बसून राहायचे. विचारायचं काही नाही, एवढंच मला शिकायचं होतं, आणि बडबड करून पगार घेणाऱ्या बाईला ते फार जड गेलं.

एके दिवशी मुकादम ती मुलगी झाली होती. कमरेवर हात ठेवून तिनं एकेका मुलाला कोंबडा केलं. पोरं हसत वाकत होती, पडत होती. मग ती वळली आणि बांधाकडे आली. बऱ्याच दिवसांनी तिनं माझ्याकडे सरळ बघितलं.

"बाई, तुमी बी व्हा कोंबडा."

मुलांनी खेळ थांबवला. मी उठले. साडीचा पदर खोचला, चप्पल काढली आणि बंधाऱ्यात उतरले. गुडघ्यांतून हात घालून कान धरायचे, हे सांगायला सोपं आहे. कमरेतून कळ निघते, रक्त डोक्यात उतरतं, आणि जमिनीखेरीज काही दिसत नाही. मला तिचे पाय दिसत होते. भेगा पडलेल्या मातीवर, अनवाणी. ते माझ्याभोवती एक फेरी चालले.

"टँकरचं पानी कुनी पाजलं बैलाला?" ती ओरडली. आवाज हुबेहूब मुकादमाचा.

"मी पाजलं," मी म्हणाले.

"कावून पाजलं?"

"तहानला होता तो."

पाय थांबले. मुलं आता हसायला लागतील, असं मला वाटलं, पण कुणी हसलं नाही.   मग ती स्वतःच्या आवाजात, जरा घोगऱ्या, म्हणाली, "उठा आता."

मी उठले तेव्हा तिचा चेहरा रडवेला होता, पण रडली नाही. तिनं मुकादमाची काठी दुसऱ्या पोराच्या हातात दिली आणि मोळी बांधायला गेली. दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर गुणाकार चुकवला. ती मागून ओरडली, "बाई, हातचा इसरला!" त्या ओरडण्यानं मला जितकं हायसं वाटलं, तितकं बदलीची ऑर्डर आल्यावरही वाटलं नाही. ती ऑर्डर यायला आणखी पाच वर्षं लागली, तेही असो.

हेडमास्तरांनी मला बांधावरून बघितलं होतं. त्यांनी बोलावून घेतलं. "शिक्षकाची काही प्रतिष्ठा असते, बाई. मुलांपुढं कोंबडा?" मी म्हटलं, "सर, शिबिरात तुम्ही झाड झाला होता." त्यांनी मान हलवली. ते कशालाही हलवायचे.

त्यानंतर दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी मुलांना एक तास द्यायचे. माती, चिंध्या, खडू, काठ्या. प्रश्न नाहीत, भिंतीवर काही लावायचं नाही, फोटो नाहीत. कुणी काही सांगितलं तर ऐकायचं, नाही सांगितलं तर बसायचं. पुढं अशा तासाला सरकारी नावंही मिळाली, आणि नावाबरोबर फॉर्म आले. 'आज किती मुले आनंदी होती?' असा रकाना असलेला फॉर्म मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय. एक साहेब तपासणीला आले आणि म्हणाले, पुरावा दाखवा. मी म्हटलं, पुरावा नाही. त्यांनी शेऱ्यात लिहिलं, 'उपक्रम कागदावर आढळला नाही.' मला मिळालेल्या शेऱ्यांपैकी हा एकच खरा होता.

गेल्या वर्षी, निवृत्त झाल्यानंतर, शिरूरला एका लग्नासाठी गेले होते. बाजारात शिलाईच्या दुकानात ती भेटली. तिनंच हाक मारली. दोन मशीन, हाताखाली एक बाई, भिंतीवर कॅलेंडर. दहावीनंतर शिवणकाम शिकली, ऊस तोडायला कधी गेली नाही. वडील आता शेळ्या सांभाळतात, म्हणाली. मला चहा पाजला. बोलता बोलता मी त्या बंधाऱ्यातल्या खेळाचा विषय काढला. खरं सांगायचं तर मी मुद्दामच काढला. इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून ऐकायची हाव सुटली होती.

"कोनता खेळ?" ती म्हणाली.

मी सांगितलं.

ती आठवायचा प्रयत्न करत राहिली. मग हसून मान हलवली. "मला तर काईच आठवत न्हाई, बाई. खिचडी आठवती. लई करपायची." आणि तिनं गळ्यातली टेप काढून माझं माप घ्यायला सुरुवात केली. मी नको म्हणेपर्यंत तिनं दंड मोजलासुद्धा. "सुकलाव की तुमी," ती म्हणाली.

बीडला परतताना बसमध्ये मी स्वतःवर चिडून बसले होते. पोरगी विसरली, धड झाली, दुकान चालवते. आणि मला हवी होती पोच, शिक्का मारलेली.

ब्लाउज तिनं आठ दिवसांत पाठवून दिला. शिलाई चांगली आहे. खांद्यात जरा घट्ट होतो, पण मी तो घालते.